ऊन हाय

अशोक चौकात, मे महिन्यात, दुपारी दोनला
मल्लेशममामा मला थांबवून म्हणाले,
"ऊन हाय बघ."

डांबर चपलेला धरून वर येत होतं.
एटीएमच्या काचेआड, गार फरशीवर
एक कुत्रं खातेदारासारखं पाय पसरून झोपलं होतं.
रसवंतीचे घुंगरूसुद्धा गप्प.
आणि हा माणूस सायकल स्टँडला लावून,
नीट, बातमी दिल्यासारखं, मला सांगत होता.

"हो," मी चपलेकडे बघत म्हटलं. "आहे."
ते थोडा वेळ उभे राहिले.
मग सायकल काढली.

हे मला कधी झेपलंच नाही.
उंबरा ओलांडून आत आलेल्याला "आलास?"
घास तोंडात असलेल्याला "जेवायलास व्हय?"
पाणी चार दिवसांआड, पहाटे तीनला आख्खी गल्ली जागी,
मोटारी घरघरतायत, पिंपं वाजतायत,
आणि माझ्या हातातल्या भरल्या बादलीकडे बघून
पलीकडची नागुबाई: "पाणी आलं का ओ?"
नाही नागुबाई, ही मी रडून भरली
असं म्हणायचं एकदा ठरवलं होतं.
म्हटलं, "आलं की."

पुण्याच्या मित्रांना मी या सगळ्यांच्या नकला करून दाखवायचो.
चांगल्या व्हायच्या नकला.

नऊ वर्षांचा असताना अण्णांचा विसरलेला डबा घेऊन
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये गेलो होतो.
आत पाय टाकला आणि कान गेले.
चाळीस माग. धोटे इकडून तिकडे.
मी "अण्णा" म्हणून ओरडलो,
ते माझं मलाच ऐकू आलं नाही.
पण माणसं बोलत होती.
दोन मागांपलीकडून मामांचे ओठ हलले,
अण्णांनी डबा उंच धरून मान हलवली.

रात्री विचारलं, काय म्हणाले मामा?
"डबा आला, म्हणाला."
पण डबा तर तुमच्या हातात होता.
"म्हणून तर कळलं," अण्णा म्हणाले.
"तिथं दिसतंय तेच बोलायचं.
नवीन काढलं की घोटाळा."

मग बराच वेळ भाकरी मोडत बसले.
"एकदा मल्लेशम सांगत होता, पोरगी गेली.
मला दिसलं, मोटर गेली.
मी हसलो. म्हटलं, जॉबरला सांग की, हुईल नीट.
त्यानं परत सांगितलं.
मी परत हसलो."

आई म्हणाली, पोरासमोर कशाला.
अण्णा म्हणाले, भाकरी कडक झालीय.
ती कडकच असते आमच्याकडे.
आई म्हणाली, हो, कडक झालीय.

शेडच्या जागी आता मंगल कार्यालय आहे.
दोघांचेही कान तिथंच राहिले,
त्यावर वरातीचे बँड वाजतात.

अण्णांना जाऊन बावीस दिवस झाले होते.
मामा लेकाकडे भिवंडीला, मातीला पोचले नव्हते.
चौकात भेटले ते त्यानंतर पहिल्यांदा.
आणि मी चपलेकडे बघून बोललो.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.
दारात बाज टाकून, पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते.
दिव्याच्या खांबाखाली, तोंडावर उजेड पडेल असा
उभा राहिलो आणि ओठ मोठे करून, सावकाश,
शाळेत पहिल्यांदा धडा वाचावा तसं म्हटलं,
"मामा, ऊन होतं आज."

शेवटचा शब्द संपेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
"व्हतं की," म्हणाले. "लई व्हतं."
आणि सरकून बाजेवर जागा केली.